मुरघास कुजत नाही, आंबतो

कुंडलिकेकाठचा जुना जालना घ्या की मका पिकवणारं भोकरदन, दुभत्या जनावरांच्या चाऱ्याचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं: मुरघास म्हणजे हवा कोंडून सडवलेला चारा, जनावराला विषच. हे इतक्या ठामपणे सांगितलं जातं की सांगणाऱ्याच्या घरी दही लागतच नसावं. मक्याची कुट्टी पिशवीत दाबून तोंड गच्च आवळलं, की आत अडकलेला प्राणवायू काही तासांत संपतो. मग दह्यातल्या जिवाणूंचे भाऊबंद कामाला लागतात. प्राणवायू वापरणारी आपली पेशी ग्लुकोजच्या एका रेणूतून ऊर्जेचं चलन, म्हणजे एटीपीचे तीसेक रेणू काढते. यांच्या पदरात पडतात अवघे २. एवढ्यावर भागेना म्हणून ते साखरेमागून साखर फोडत सुटतात आणि लॅक्टिक आम्ल बाहेर टाकत राहतात. चारा भराभर आंबतो, सामू ४ च्या आसपास उतरतो आणि कुजवणाऱ्या जंतूंचा तिथे टिकाव लागत नाही. जिवाणूंचा हा आतबट्ट्याचा व्यवहारच चारा टिकवतो. शिवाय साखरेतली बहुतेक ऊर्जा त्या आम्लातच शिल्लक असते, ती पुढे गाईला मिळते.

मग मुरघास खाऊन जनावरं आजारी पडतात ती कशी? पडतात, पण बहुतेकदा कारण नेमकं उलटं असतं. उंदराने पिशवी कुरतडली, कुट्टी नीट तुडवली नाही, तोंड ढिलं राहिलं, की हवा आत शिरते आणि बुरशी धरते. सडवते ती हवा! हवेविना जगणारे सगळेच जंतू सज्जन असतात असंही नाही. मका फार ओला कापला, मुठीत आवळल्यावर पाणी ठिबकू लागलं, तर ब्युटिरिक आम्ल बनवणारे जंतू माजतात आणि चारा चिकट, घाण वासाचा होतो. असा चारा सरळ फेकावा. चांगला मुरघास हिरवट-पिवळा, आंबूस वासाचा असतो. तोही एकदम न घालता हळूहळू वाढवत द्यावा. राहिला शेवटचा आक्षेप, हवेविना आंबलेलं गाईला पचेल कसं? गाईचं कोठीपोट हीच मुळात जवळजवळ प्राणवायू नसलेली टाकी आहे. तिथले जंतू चाऱ्यातलं सेल्युलोज फोडतात, पण ते पुरतं जाळायला त्यांच्याकडे प्राणवायू नाही, म्हणून ॲसेटिक, प्रोपिओनिक अशी आम्लं सोडून देतात. गाईच्या ऊर्जेचा सुमारे ७० टक्के वाटा या सोडून दिलेल्या आम्लांतून येतो, असं पशुपोषणाची पाठ्यपुस्तकं सांगतात. गाय जगते तीच आंबण्यावर.

हवेविना चालणाऱ्या कामांबद्दलचे गैरसमज मुरघासापुरते नाहीत. प्राणवायूशिवाय कुठलाच जीव जगत नाही, हा समज पाश्चरने १८६१ मध्येच मोडला. भरतीसाठी धावणाऱ्या पोरांचे पाय दुसऱ्या दिवशी दुखतात ते लॅक्टिक आम्ल साठल्याने, हेही चूक: ते तासाभरात ओसरतं, आणि संशोधक श्वाने व सहकाऱ्यांच्या १९८३ च्या प्रयोगात उतारावर धावणाऱ्यांचं लॅक्टिक आम्ल वाढलं नव्हतं, तरी पाय दुखलेच. गोबरगॅसची स्लरी निःसत्त्व, ही तर शुद्ध थाप. गॅस म्हणून निघून जातो तो मुख्यतः कार्बन. नत्र जवळपास सगळं स्लरीतच राहतं.