कंटेनर चालू, पण पान उघडत नाही
बदलापूर-अंबरनाथच्या फ्लॅटमध्ये जुन्या लॅपटॉपवर फोटोंचा सर्व्हर चालवायचा, तर डॉकर सोयीचं. कंटेनर चालू असूनही पान उघडत नसेल, तर आधी ‘८०८०:८०’ ही जोडी पाहा. पहिला आकडा लॅपटॉपचा पोर्ट, दुसरा कंटेनरच्या आतला; गफलत बहुधा इथेच होते. जोडी बरोबर असली, तरी आतला प्रोग्राम १२७.०.०.१ वरच ऐकत असेल तर उपयोग नाही. त्याला ०.०.०.० वर ऐकायला लावा.

घरात उघडतं, पण लोकलमध्ये मोबाइलवर नाही? राउटरचा वॅन पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल, तर एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. मग पोर्ट फॉरवर्डिंग व्यर्थ. इंटरनेटवाल्याकडे स्थिर सार्वजनिक पत्ता मागा. माझ्या मते टेलस्केल हे खाजगी व्हीपीएन त्याहून अधिक सुरक्षित. डॉकरने उघडलेला पोर्ट यूएफडब्ल्यू या लिनक्स फायरवॉलच्या नियमांना जुमानत नाही, तेवढं मात्र सांभाळा.