विश्लेषण : टॅबलेटमधील ‘लो पॉवर मोड’ नेमके काय थांबवतो?

रात्री वीज गेलेली, टॅबलेटमध्ये २० टक्के चार्जिंग शिल्लक आणि सकाळपर्यंत महाविद्यालयाचा प्रकल्प अपलोड करायचा. अशा वेळी बहुतेक जण ‘लो पॉवर मोड’ सुरू करून निर्धास्त होतात. बॅटरी टिकतेही, पण फाइल पोहोचलेली असतेच असे नाही. असे का होते?

सुविधा कधीपासून?

अँड्रॉइडमध्ये ‘बॅटरी सेव्हर’ २०१४ मध्ये पाचव्या आवृत्तीबरोबर आला. अॅपलने २०१५ मध्ये आयफोनला हा मोड दिला. आयपॅडला मात्र त्यासाठी २०२१ च्या आयपॅडओएस १५ ची वाट पाहावी लागली. सॅमसंगच्या टॅबलेटमध्ये हीच सोय ‘पॉवर सेव्हिंग’ नावाने सापडते. तिन्हीकडे ती सेटिंग्जमधील बॅटरीच्या विभागात असते.

मोड सुरू केल्यावर काय होते?

हा मोड नवी वीज निर्माण करत नाही, तर कामे पुढे ढकलतो. आयपॅडवर पडद्याआड चालणारी अॅप्स ताजी होणे, ईमेल आपोआप येणे, आपोआप होणारी डाउनलोड्स थांबतात. आयक्लाउडवर छायाचित्रे चढवणे तात्पुरते बंद होते. स्क्रीन ३० सेकंदांत लॉक होते. प्रोमोशन डिस्प्ले असलेल्या आयपॅडचा रिफ्रेश रेट ६० हर्ट्झपुरता मर्यादित होतो. अँड्रॉइडमध्येही पडद्याआडच्या कामांवर बंधने येतात आणि काही नोटिफिकेशन उशिरा मिळू शकतात.

सर्वाधिक वीज कोण खाते?

बहुतेक वेळा स्क्रीन. टॅबलेटची स्क्रीन मोबाइलपेक्षा बरीच मोठी असल्याने ब्राइटनेस कमी केल्याचा फायदा लगेच दिसतो. ‘डार्क मोड’चा फायदा मात्र स्क्रीनच्या प्रकारावर ठरतो. ओएलईडी स्क्रीनवर काळ्या भागातील पिक्सेल बंद राहतात, त्यामुळे वीज वाचते. अनेक स्वस्त टॅबलेटमधील एलसीडी स्क्रीनमागचा दिवा काळ्या चित्रालाही जळतच असतो. तिथे बचत नगण्य.

काम अडू नये म्हणून काय करावे?

अपलोड सुरू असताना ते अॅप समोर उघडे ठेवावे. दुसऱ्या अॅपमध्ये गेल्यास किंवा स्क्रीन लॉक झाल्यास अपलोड थांबू शकते. फाइल मोठी असेल तर तेवढ्या वेळापुरता मोड बंद करावा, ‘अपलोड पूर्ण’ असा संदेश पाहावा आणि मग पुन्हा सुरू करावा. अभ्यासाचे व्हिडीओ आणि पीडीएफ वीज असतानाच उतरवून ठेवावेत. मग वीज गेल्यावर वाय-फाय आणि मोबाइल डेटाही बंद ठेवता येतो.

मोड कायम सुरू ठेवला तर?

बॅटरीला अपाय होत नाही. मात्र महत्त्वाचा ईमेल किंवा छायाचित्रांचा बॅकअप रखडू शकतो. आयपॅड ८० टक्के चार्ज झाल्यावर हा मोड आपोआप बंद होतो, तो याचसाठी. अडचणीच्या वेळी दोन तास मिळवून देणारी ही सोय आहे. त्या दोन तासांत कोणते काम थांबलेले चालेल आणि कोणते नाही, हे मात्र वापरणाऱ्यानेच ठरवायचे.