फिरत्या घराची ऊब

हिवाळ्यांत कात्रजहून महाबळेश्वरास निघालेल्या मोटारीला आधीं कात्रजचा घाट, मग खंबाटकीचा आणि वाईपुढें पसरणीचा, असे तीन घाट चढावे लागतात. २०२१ सालीं महाराष्ट्र शासनानें कॅराव्हॅन पर्यटनाचें धोरण आखल्यापासून, निजण्याबसण्याची सोय असलेलें फिरतें घर हाही प्रवासाचा एक मान्य प्रकार झाला आहे. अशा घरांतील हीटर पहिल्याच चढावर थंड पडला, तर कुटुंबें शाली पांघरून पुढें चालूं लागतात. ही सहनशीलता महागांत पडते.

चालत्या गाडींतील हीटरला स्वतःची चूल नसते. इंजिनाची उष्णता शोषणारें पाणी पुढच्या रेडिएटरकडे जातें, तसाच त्याचा एक फांटा चालकासमोरील फळीमागें बसविलेल्या लहान रेडिएटरांतून फिरतो. त्यावरून पंखा हवा आंत लोटतो. म्हणून इंजिन तापलेलें असतां वारा थंड येऊं लागला, तर पहिला संशय पाणी कमी झाल्याचा घ्यावा. त्यांतच तापदर्शक कांटा वर चढत असेल, तर पुढील वळणाचा मोह न धरतां सुरक्षित जागीं थांबून इंजिन बंद करावें.

कांटा नेहमीच्या जागीं असल्यास, इंजिन बंद करून, हीटरकडे जाणाऱ्या दोन रबरी नळ्या जपून चांचपाव्या. दोन्ही गरम असतील, तर दोष पंख्याचा किंवा हवेची दिशा बदलणाऱ्या झडपेचा. एक गरम व दुसरी गार असेल, तर लहान रेडिएटर गाळानें तुंबला आहे, नाहीं तर आंत हवा अडकली आहे. बराच वेळ चालूनही कांटा वर येतच नसेल, तर थर्मोस्टॅट उघडा राहिला असण्याचा संभव अधिक.

अडकलेल्या हवेचा खोडा कात्रजकरांना नवा वाटूं नये. १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनीं तेथील तलावाचें पाणी भुयारी मार्गानें शहरांत आणविलें, तेव्हां वाटेंत जागोजागीं उच्छ्वास ठेवले होते. मोटारींतही पाणी बदलल्यावर हवा काढून टाकावी लागते. घाईंतला मिस्त्री नेमकें हेंच विसरतो.

तापलेल्या रेडिएटरचें झांकण मात्र उघडूं नये. दाबामुळें आंतलें पाणी १०० अंशांपुढेंही उकळत नाहीं. झांकण सैल होतांच दाब उतरतो आणि तें वाफ होऊन तोंडावर येतें. रेडिएटर हाताला गार लागेपर्यंत थांबावें.

मुक्कामीं इंजिनाबरोबर ही ऊबही संपते, आणि खरें भय तेथेंच असतें. दारें लावून गॅसची शेगडी किंवा निखाऱ्यांचें घमेलें पेटतें ठेवलें, तर कार्बन मोनॉक्साइड सांठतो. त्याला वास नाहीं, आणि निजलेला माणूस जागाही होत नाहीं. इंजिन चालूं ठेवून निजणेंही तितकेंच घातक. कांहीं गाड्यांत मुक्कामासाठीं इंधनावर चालणारा निराळा हीटर असतो व त्याचा धूर नळीनें बाहेर सोडलेला असतो. त्या नळीचें तोंड चिखलानें वा पाल्यानें बुजलें नाहीं ना, हें अंथरूण घालण्यापूर्वीं कंदील घेऊन पाहून यावें.