बिनकिल्लीच्या दारांची पन्नास वर्षे

निफाड तालुक्यात द्राक्षांच्या पॅकहाउसांपासून कार्यालयांपर्यंत कित्येक दारांवर आता कुलूप-किल्लीची जागा गळ्यात अडकवलेल्या पांढऱ्या कार्डाने घेतली आहे. यंत्रासमोर धरताच ‘पीक्’ असा ध्वनी होतो, दार उघडते, आणि आपली ओळख पटली असे धारकास वाटते. वस्तुतः तेथे पुष्कळदा केवळ एका क्रमांकाची ओळख पटलेली असते, आणि या विद्येचा आजवरचा वृत्तांत त्याच उणिवेभोवती फिरत आला आहे.

चार्ल्स वॉल्टन या अमेरिकन संशोधकास १९७३ साली जे पेटंट मिळाले, त्यात बॅटरीवाचून चालणाऱ्या कार्डाने रेडिओलहरींच्या योगे दार उघडण्याची कल्पना होती. तिच्या वंशातील १२५ किलोहर्ट्झची कार्डे आजही सर्वांत स्वस्त, म्हणून फार प्रचलित आहेत. असे एखादे कार्ड हाती घेऊन नीट न्याहाळावे : कोपऱ्यात आधी दहा अंक, त्यापुढे तीन अंक, स्वल्पविराम आणि पाच अंक छापलेले आढळतात. हाच क्रमांक ते कार्ड, विचारणारा कोण याची यत्किंचितही चौकशी न करता, उघडपणे सांगून टाकते. बहुतेक साध्या यंत्रणा स्वल्पविरामाच्या अलीकडचा व पलीकडचा एवढाच भाग तपासतात. त्यामुळे नक्कल करणाऱ्याला कार्ड चोरावे लागत नाही, छातीवर लटकणाऱ्या त्या अंकांचे स्वच्छ छायाचित्रही पुरेसे होते. कोरी कार्डे आणि नक्कल उतरवणारे यंत्र बाजारात राजरोस मिळते.

१९९४ साली आलेल्या ‘मायफेअर क्लासिक’ कार्डाने ही उणीव भरून काढण्याचे आश्वासन दिले होते. त्यात ‘क्रिप्टो-१’ नावाची कूटपद्धती होती. परंतु तिची किल्ली अवघ्या ४८ बिटांची, आणि पद्धतीची रचना उत्पादकाने गुप्त राखलेली. रचना शत्रूच्या हाती पडली तरी केवळ किल्लीच्या बळावर जी टिकते तीच खरी कूटपद्धती, हे कूटशास्त्राचे अभ्यासक ऑग्युस्त केरकॉफ्स यांनी १८८३ सालीच लिहून ठेवले होते. त्याची प्रचीती डिसेंबर २००७ मध्ये बर्लिनच्या परिषदेत आली. कार्स्टन नोल आणि हेन्रिक प्लोट्झ या संशोधकांनी या कार्डातील चिपचे थर एकेक करून उतरवून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहून तिची गुप्त रचना उलगडली होती. पुढे नेदरलँड्समधील नायमेखन येथील राडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनी याच चिपवरील आपला निबंध प्रसिद्ध करू नये म्हणून एनएक्सपी या उत्पादक कंपनीने अदालतीकडे मनाई हुकूम मागितला. जुलै २००८ मध्ये आर्नहेमच्या न्यायालयाने तो नाकारताना, नुकसानीचे मूळ सदोष चिप बनवून विकण्यात आहे, तिच्याविषयी लिहिण्यात नाही, असा निवाडा दिला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांच्या जन्मगावी, निफाडला, बसून हा निवाडा वाचताना मला विशेष समाधान वाटते, कारण लोकांच्या दारांची खबर लोकांपासून दडवण्याचा अधिकार विक्रेत्यास नाही, हे तत्त्व त्यात अभिप्रेत आहे.

तरीही त्यानंतर शहाणपणाचा अंमल सर्वत्र बसला नाही. अनेक ठिकाणी ‘मायफेअर’ कार्डातील कूटपद्धती वापरातच आणली जात नाही, फक्त त्याचा अनुक्रमांक वाचला जातो. कारखान्यातून आलेली बारा ‘एफ’ अक्षरांची किल्लीही तशीच राहते. २०२४ मध्ये तर संशोधक फिलिप टेवेन यांनी शांघायच्या फुदान कंपनीच्या, ‘मायफेअर’शी सुसंगत अशा एका चिपमध्ये सर्व कार्डांना लागू पडणारी छुपी किल्लीच सापडल्याचे जाहीर केले.

तालुक्यातील पिंपळगाव बसवंतच्या टोलनाक्यावर फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचा झालेला फास्टॅगही याच कुळातला. मात्र तेथे पैसे मागण्याचा अधिकार केवळ नोंदलेल्या नाक्यांना व वाहनतळचालकांना आहे, त्यामुळे टॅग वाचता आला म्हणून कोणाला रक्कम उचलता येत नाही. दाराच्या यंत्रामागे असा पहारा क्वचितच असतो.

म्हणून कार्ड-यंत्रणेची खरेदी करताना संस्थांनी दरपत्रकात चिपचे नाव व एईएस या कूटपद्धतीची अट लेखी घालावी, किल्ल्या बदलून त्या विक्रेत्याकडे न ठेवता स्वतःच्या दप्तरी ठेवाव्यात, कार्डावर क्रमांक छापू देऊ नये, आणि जेथे निर्यातीचा माल किंवा लोकांच्या ठेवींचे कागद आहेत, त्या दारास कार्डासोबत पिनचीही जोड द्यावी.