आईपणाची वाट (लेखांक ७) : बाळंतपण कुठे, हे आठव्या महिन्यातच ठरवा

मागच्या आठवड्यात रक्तवाढीच्या गोळ्यांविषयी लिहिलं होतं. आज बाळंतपणाच्या जागेविषयी. मासवणच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सुरळीत बाळंतपण करता येतं, आणि बहुतेक बाळंतपणं सुरळीतच होतात. म्हणूनच ‘कुठे न्यायचं’ हा विषय घरात निघतो तो कळा सुरू झाल्यावर. तो आठव्या महिन्यातच निघाला पाहिजे, असं माझं कळकळीचं सांगणं आहे.

कारण हाताशी असलेला वेळ. बाळंतपण अडलं किंवा नंतर जंतुसंसर्ग झाला, तर जीव जाईपर्यंत बहुधा काही दिवस तरी मिळतात. पण बाळ झाल्यावर अंगावरून जोरात रक्त जाऊ लागलं आणि उपचार मिळाले नाहीत, तर बाई साधारण दोन तासांत दगावू शकते. वार पडली की गर्भाशय घट्ट आवळलं जायला हवं. ते सैल राहिलं, तर वार सुटलेल्या जागेच्या रक्तवाहिन्या उघड्याच राहतात. म्हणून केंद्रात बाळ बाहेर येताच नर्सबाई आईला ऑक्सिटोसिनचं दहा युनिटचं इंजेक्शन देतात. हे औषध फ्रीजमध्ये ठेवावं लागतं. पाड्यावरच्या सुईणीचा हात कितीही सराईत असो, हे इंजेक्शन तिच्याकडे नसतं. असा रक्तस्राव बहुधा पहिल्या २४ तासांत होतो. म्हणून बाळ-बाळंतीण ठणठणीत दिसली तरी ४८ तास दवाखान्यातच राहावं. घरी गुरं आहेत, लहान पोर आहे, ही अडचण खरी आहे. तिची सोयही आधीच लावता येते.

सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या अभ्यासकांनी १९९४ साली मातामृत्यूंमागचे तीन उशीर मांडले : निघायचं ठरवण्यात होणारा, पोहोचण्यात होणारा, आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यात होणारा. आपल्याकडे हे तिन्ही ओळखीचे आहेत. नवरा तारापूरच्या एमआयडीसीत रात्रपाळीला, सासू म्हणते तो येऊ दे. पहिला उशीर इथेच झाला. पावसाळ्यात पाड्यावरून डांबरी रस्त्यापर्यंत येण्यात दुसरा. तिसऱ्याचं दुःख तर या जिल्ह्याने पाहिलं आहे. नोव्हेंबर २०२४मध्ये डहाणू तालुक्यातल्या एका गर्भवतीला कासाच्या रुग्णालयातून सिल्वासाला नेत असताना वाटेतच मृत्यू आला. सुसज्ज रुग्णवाहिका वेळेत मिळाली नाही, असं घरच्यांचं म्हणणं होतं. हा तिसरा उशीर दूर करणं सरकारचं काम आहे आणि ते मागत राहिलं पाहिजे. पहिला मात्र घरातच दूर करता येतो. ‘मी नसलो तरी निघा’ एवढं नवऱ्याने आधी सांगून ठेवावं.

काही जणींनी प्राथमिक केंद्रावर विसंबूच नये. आधीचं बाळंतपण सिझेरियनचं, पोटात जुळं, बाळ पायाळू, वार खाली, रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून जास्त, हिमोग्लोबिन ७च्या खाली, किंवा सिकलसेलचा आजार, यातलं एक जरी असलं तरी जिथे भूलतज्ज्ञ, शस्त्रक्रिया आणि रक्त या तिन्हींची सोय आहे तिथेच नाव घालावं. ती पालघर किंवा मनोरच्या ग्रामीण रुग्णालयात तुमच्या तारखेच्या सुमारास असेल का, की आणखी पुढे जावं लागेल, हे डॉक्टरांना थेट विचारा. त्यात संकोच कसला? दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गर्भवतींची मोफत तपासणी होते, तेव्हा विचारणं सोपं जातं. कार्डावर रक्तगट लिहिलेला आहे ना, तेही त्याच वेळी पाहून घ्या.

गाडीसाठी १०२ किंवा १०८. दोन्ही नंबर घरातल्या प्रत्येक फोनमध्ये हवेत, आशाताईंचा नंबरही. गाडी नाहीच आली तर गावातली कुणाची जीप रात्री निघेल, हे त्या माणसाला आधी विचारून ठेवा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११पासून सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण, येण्याजाण्याची गाडी, सगळं मोफत आहे. पैशांची जमवाजमव होईपर्यंत थांबू नका.

डोकं सणसणून दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, झटके, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, बाळाची हालचाल मंदावणं : यातलं काहीही झालं, तर कळांची वाट न पाहता निघायचं.

आणखी एक गोष्ट, जी फार मागे पडते. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी आणि वारली कुटुंबांतल्या गर्भवतींची नोंद गावात असते आणि दिवस भट्टीवर भरतात. माता-बाल संरक्षण कार्ड आणि सोनोग्राफीचे कागद बरोबर न्या. तिथल्या आशाताई ओळखीच्या नसल्या तरी पहिल्याच आठवड्यात त्यांना गाठून कार्ड दाखवा, आणि जवळचं बाळंतपणाचं रुग्णालय कोणतं ते विचारा. सरकारी रुग्णालयातली मोफत सेवा गाव बदलल्याने बुडत नाही. निघण्यापूर्वी इथल्या आशाताईंना भट्टीचा पत्ता आणि मुकादमाचा फोन देऊन जा, म्हणजे त्या तिकडच्या आरोग्य केंद्राला कळवू शकतील.

(पुढील लेखांक : बाळाचा पहिला तास आणि आईचा चीक)