तबकडीचा आवाज कां बसतो?

श्रोतेहो, रत्नागिरीचा पावसाळा घराच्या कौलांइतकीच आपल्या रेकॉर्ड-प्लेअरचीहि परीक्षा पाहतो. जपून ठेवलेली नाट्यपदांची तबकडी लावावी, तों आवाज बसलेला! अशा वेळीं पुष्कळजण भुजेवर नाणें चिकटवून सुईवरील भार वाढवितात. त्यानें गेलेला आवाज परत येत नाहीं. मात्र तबकडीची खांच कायमची झिजते, आणि तशी तबकडी पुन्हा मिळणें कठीण.

म्हणून आधीं निदान, मग उपाय. सुईच्या कंपनांची वीज करणारी जी लहानशी डबी भुजेच्या टोंकाशीं असते, ती कार्ट्रिज. जुन्या यंत्रांतील कित्येक डब्यांत रोशेल क्षाराचा स्फटिक असे. स्फटिकावर दाब पडतांच वीज उत्पन्न होते, हें क्यूरी बंधूंनीं १८८० सालीं दाखवून दिलें. हा क्षार वीज सढळ हातानें देतो. परंतु हवेंतील आर्द्रता शेंकडा सुमारें ८५ च्या वर टिकून राहिली, कीं ओलावा शोषून पाझरूं लागतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडणाऱ्या या गांवीं त्याचा टिकाव कसा लागावा? बहुधा प्रथम खर्जाचे स्वर ओसरतात, मग सारेंच गाणें क्षीण होतें. उन्हांत वाळवूं नये. सुमारें ५५ अंश सेंटिग्रेडला तो उष्णतेनेंहि बिघडतो. अशी डबी बदलणेंच बरें. जागीं बसणारी सिरॅमिक डबी मिळाल्यास घ्यावी. ती वीज कांहींशी कमी देते, पण दमट हवा सोसते.

परंतु दोष डबीचाच कशावरून? प्रथम सुईवरील कचरा झाडावा. खाऱ्या वाऱ्यानें डबीच्या टांचण्यांवर चढलेला थर पुसावा. यंत्र डाव्या-उजव्या अशा दोन कर्ण्यांचें असेल, तर वीज तोडून डबीमागील तारांची डावी जोडी उजवीकडे व उजवी डावीकडे लावावी. क्षीणता दुसऱ्या कर्ण्यांत गेली, तर दोष डबीचा; जागींच राहिली, तर पुढील तारा, सांधे किंवा ध्वनिवर्धक तपासावा. एकाच कर्ण्याचें यंत्र असल्यास त्याच जातीची चालू डबी लावून पाहावी.

डबी चुंबकाची असेल, तर ती तारांपासून सोडवून ओहम-मापक लावावा. दोन्ही बाजूंचे आंकडे बहुधा कांहीं शें ते हजाराच्या आसपास व परस्परांजवळ येतात. एका बाजूस कांटा हललाच नाहीं, तर आंतील बारीक तार तुटली असें समजावें. स्फटिकाच्या डबीस ही कसोटी लागू नाहीं.

एवढें पाहून मगच दुरुस्तीवर पैसा खर्चावा. डबी दुसरी मिळते. झिजलेल्या खांचेंतील सूर मात्र पुन्हा मिळत नाहीं.