बनियनचा भाव आणि नोय्यलचे पाणी

कापडाचा भाव ठरविताना आम्ही व्यापारी सूत, विणाई, रंगाई, शिलाई, भाडे आणि दलाली एवढ्या बाबी धरतो. रंगाईत वापरलेले पाणी पुढे कोठे गेले, हा खर्च कोणाच्याच वहीत नसतो. तो खर्च होत मात्र असतो, आणि ज्याचा धंद्याशी काही संबंध नाही असा माणूस तो भरत असतो. "पर्यावरणीय न्याय" हा शब्द आजकाल वर्तमानपत्रांत वारंवार येतो. आमचे बरेच दुकानदार बंधू, हे काम शिकल्या-सवरल्या लोकांचे, असे समजून पान उलटतात. खरी गोष्ट अशी की हा मामला आपल्याच धंद्यात घडलेला आहे. तिरुपूरचा हिशोब पाहिला म्हणजे त्या शब्दाचा अर्थ कळतो.

तामिळनाडूतील तिरुपूर हे होजिअरीचे गाव. आपल्या दुकानांत येणारे बनियन आणि टी-शर्ट यांतला बराच माल तिकडचाच. गावातून नोय्यल नदी वाहते. ती पश्चिम घाटातील वेल्लियंगिरी डोंगरात उगम पावते, कोइम्बतूर व तिरुपूर ओलांडून करूर जिल्ह्यात कावेरीला मिळते. १९८० नंतर निर्यात वाढली, तशा नदीकाठी रंगाई व ब्लीचिंगच्या शेकडो युनिट्स उभ्या राहिल्या.

येथे रंगाईची एक गोष्ट समजून घ्यावी लागेल, कारण सारा झगडा तिच्यातूनच निघाला. सुती कापडावर रंग नीट चढावा म्हणून पाण्यात भरपूर मीठ घालावे लागते. हे मीठ कापडात राहत नाही, सगळेच्या सगळे पाण्याबरोबर बाहेर पडते. रंगाचाही काही भाग तसाच वाहून जातो. जुन्या पद्धतीत एक किलो कापडाला शंभर लिटरच्या आसपास पाणी लागे. १९९० नंतर तेथे सामाईक शुद्धीकरण केंद्रे बांधली गेली. त्यांनी रंग व घाण पुष्कळ कमी केली, पण पाण्यात विरघळलेले मीठ त्या यंत्रांना काढता येत नाही. पाणी डोळ्यांना साफ दिसे आणि पिकाला विषासारखे लागे.

१९९२ साली खाली ओरतुपालयम येथे धरण झाले. खालच्या शेतीला पाणी मिळावे हा त्याचा हेतू. धरणात साठले ते रंगाईचे पाणी. शेवटी ज्या शेतकऱ्यांसाठी धरण बांधले तेच म्हणू लागले की कृपा करून हे पाणी आमच्या शेतात सोडू नका. विहिरी खारट झाल्या, जमीन बिघडली. धरण बांधा म्हणून आंदोलने होतात हे आम्ही ऐकले होते. भरलेले धरण नको म्हणून शेतकऱ्याने हात जोडावेत हा प्रकार निराळाच.

शेतकऱ्यांची संघटना मद्रास हायकोर्टात गेली. नुकसानीचा अंदाज करणाऱ्या प्राधिकरणाने २००४ मध्ये सुमारे २८ हजार शेतकऱ्यांसाठी जवळपास २५ कोटी रुपये भरपाई ठरविली. आकडा मोठा वाटतो. भागाकार केला तर माणशी नऊ हजारांच्याही आत येतो. एवढ्यात विहिरीचा गाळही निघत नाही.

डिसेंबर २००६ मध्ये हायकोर्टाने सोडलेल्या पाण्यावर दंड बसविला. लिटरला ६ पैसे, पुढे ८ आणि मग १० पैसे. आता आपल्या भाषेत हिशोब करू. किलोला शंभर लिटर धरले तर दंड ६ ते १० रुपये किलो. शंभर ग्रॅमच्या बनियनवर तो साठ पैसे ते एक रुपया पडतो. बनियनमागे या रुपयासाठी एक नदी गेली. रंगाईवाला बहुधा जॉबवर्क करणारा लहान माणूस. त्याचा दर निर्यातदार दाबतो आणि निर्यातदाराचा दर परदेशी खरीदार. त्यामुळे सारा दोष रंगाईवाल्याच्या माथी मारणे आम्हाला पटत नाही. पण तो रुपया शेतकऱ्याने भरावा यालाही काही आधार नाही.

सुप्रीम कोर्टाने ६ ऑक्टोबर २००९ रोजी रंगाईवाल्यांचे अपील फेटाळले. जो दूषित करील त्याने किंमत भरावी हे तत्त्व कोर्टाने १९९६ मध्येच वेल्लोरच्या चर्मोद्योगाच्या खटल्यात मान्य केलेले होते. एक थेंबही बाहेर न सोडण्यासाठी तीन महिन्यांची मुदत मिळाली. ते झाले नाही, तेव्हा २८ जानेवारी २०११ रोजी हायकोर्टाने सातशेहून अधिक युनिट्स बंद करण्याचा हुकूम दिला. हजारो मजुरांचे काम एका दिवसात गेले. पुढे राज्य सरकारने २०० कोटींचे बिनव्याजी कर्ज दिले आणि पाणी गाळून परत वापरणारी केंद्रे चालू झाली. तेथे बारीक पडद्यातून पाणी वेगळे करतात, उरलेले खारे पाणी आटवितात, मीठही पुन्हा रंगाईला घेतात. याला वीज-इंधन फार लागते आणि रंगाईचा दर वाढतो. तो खरा दर होय. आधीचा दर स्वस्त दिसत होता इतकेच.

या इन्साफात एक माणूस मात्र राहून गेला. अशी भरपाई जमिनीच्या नोंदीवर मोजली जाते. त्या भागात शेतमजुरी करणाऱ्यांत अरुंदतियार या दलित जातीचे लोक पुष्कळ आहेत आणि त्यांपैकी फार थोड्यांच्या नावावर जमीन असते. शेत पडीक पडले की मालकाचे पीक जाते, मजुराची रोजीच जाते; पण यादीत मजुराला खाना नसतो.

आपल्याकडे इचलकरंजीची प्रोसेस हाऊसेस आणि पंचगंगा यांचाही वाद जुनाच आहे. ज्याची विहीर किंवा शेत अशा पाण्याने गेले त्याने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा. २०१० च्या कायद्याने ते स्थापन झाले आणि महाराष्ट्रासाठी त्याचे पीठ पुण्यात आहे. भरपाईचा अर्ज कारण घडल्यापासून पाच वर्षांच्या आत करावा लागतो. वकील न लावता स्वतःही बाजू मांडता येते. पाण्याचे नमुने, तारखा आणि पंचनाम्याच्या नकला जपून ठेवाव्यात. आणि कोरा माल रंगाईला देणाऱ्या व्यापाऱ्याने दर विचारताना प्रदूषण मंडळाचे संमतीपत्रही पाहावे, त्यावरची मुदत संपलेली नाही ना ते वाचावे.